टॉलमनांचा सहावा खांदेकरी

बदरुद्दीन सरखोतला जन्मात एका गोष्टीबद्दल कधी शंका आली नाही, ती म्हणजे स्वतःची अक्कल. कुवेतमध्ये अहमदीला तेल कंपनीच्या कचेरीत तो रेकॉर्ड सांभाळायचा. कागद हरवला की साहेबलोक फायली उपसत बसत. बदरुद्दीन जागचा न हलता सांगायचा, तिसरं कपाट, खालचा कप्पा. कागद तिथेच निघायचा. कधी नाही निघाला, तर कुणीतरी तो चुकीच्या जागी ठेवलेला असायचा. बदरुद्दीनची चूक कधीच नसायची. १९५३ साली मुंबईहून आगबोटीने आला तेव्हा टायपिंगचं सर्टिफिकेट आणि हा भरवसा, एवढंच सामान त्याच्यापाशी होतं. नऊ वर्षांत सर्टिफिकेट पिवळं पडलं. भरवसा मात्र होता तसाच होता.

ही अक्कल बापाकडून आलेली. बाणकोटच्या खाडीवर त्यांचं गाव. गावात मयत झाली की आसपासच्या गावांना खबर द्यायचं काम जमातीने सरखोतांच्या घरी दिलेलं. बाबा काठी उचलून निघायचे आणि लहानगा बदरुद्दीन त्यांच्या मागे पळायचा. कुणाच्या दारी आधी जायचं याला नियम होता. सासरी दिलेल्या लेकी पहिल्या. मग माहेर, मग भावकी, मग सोयरे. एखादं दार चुकलं तर दोन पिढ्या जेवणाचं बोलावणं बंद. त्यामुळे खाडीच्या दोन्ही काठांवरची नाती बाबांना तोंडपाठ होती आणि बाबांच्या मागे चालून चालून ती बदरुद्दीनलाही झाली होती.

अशा बाबांनी एक दार मात्र आपल्या हाताने पुसून टाकलं होतं. झुलेखाचं. बदरुद्दीनची ही धाकटी बहीण. तिने महाडच्या एका एस.टी. ड्रायव्हरशी निकाह लावला. माणूस मुसलमान होता, पाच वेळचा नमाजी होता, पण सोलापूरकडचा. कोकणी नव्हे, जमातीतला नव्हे. बाबा म्हणाले, आजपासून या घराची बरीवाईट खबर त्या दारी जायची नाही. बदरुद्दीन घरातला थोरला. त्यानेही कुवेतहून लिहिलं होतं, बाबा म्हणतात ते बरोबर. त्या गोष्टीला सात वर्षं झाली होती.

आणि १९६२च्या मार्चमध्ये धाकट्या भावाचं, हारूनचं पत्र आलं. आईला अर्धांगवायू झाला होता. एक बाजू गेली, पण बोलणं समजत होतं. हारूनने लिहिलं होतं, "आई कुणाचं नाव घेत नाही, पण कुणी दारात आलं की मान वळवून बघते. बाबा म्हणतात झुलेखाला कळवायचं नाही, आत्ताही नाही आणि मागाहूनही नाही. भाईजान, तू थोरला हायस. तू सांगशील तसा करू."

बदरुद्दीनने पत्र घडी करून उशीखाली ठेवलं. खैतान वस्तीतल्या भाड्याच्या खोलीत त्याच्या शेजारच्या खाटेवर झोपणारा गफूर त्याच्याच खाडीचा, कंपनीच्या मेसमध्ये आचारी. त्याने विचारलं, "काय रं, जवाब नाय लिहिलास?"

"लिहितंय. घाई काय हाय?"

साऱ्या कंपनीचे कागद जागेवर लावणाऱ्या या माणसाला त्या एका पत्राला जागा सापडेना.

त्याच सुमारास मिसेस कॉर्बेट उगवल्या. खोदकामाकडच्या कॉर्बेट इंजिनियरांच्या या बायको, माहेरच्या टॉलमन, ऑस्ट्रेलियातल्या गव्हाच्या मुलखातल्या. चाळिशीच्या, उन्हाने रापलेल्या, मोठ्याने हसणाऱ्या. त्यांच्या पणजोबांनी तिकडे शेत घेतलं त्याला त्या वर्षी शंभर वर्षं होत होती. ऑक्टोबरात सगळं घराणं शेतावर जमणार होतं आणि फाटकावर पितळी पाटी बसणार होती, जन्मलेल्या-वाढलेल्या सगळ्यांची नावं कोरून. ती नावं जुळवायचं काम मिसेस कॉर्बेटनी अंगावर घेतलं होतं. साधन काय, तर बिस्किटांचा एक पत्र्याचा डबा. त्यात त्यांच्या आजीने गावच्या साप्ताहिकातून कापून ठेवलेली शोकवार्तांची कात्रणं होती, पन्नास-साठ वर्षांची.

"मिस्टर बदर, ही नुसती टाइप करून ओळीने लावून द्याल?" त्यांनी इंग्रजीत विचारलं.

"मॅडम, मयत कुणाची ते सांगा, घराणं मी मांडून देतो," बदरुद्दीन म्हणाला.

दर गुरुवारी अर्ध्या दिवसाची सुट्टी झाली की तो त्यांच्या बंगल्याच्या व्हरांड्यात टाइपरायटर मांडून बसू लागला. बाहेर तोझ, म्हणजे तिकडचं धुळीचं वादळ, सुटलेला असायचा, जाळीवर वाळू खरखरायची आणि आत बदरुद्दीन टॉलमनांची मेलेली माणसं रांगेत उभी करायचा. त्याला हे काम बेहद्द आवडलं. मूळपुरुष जोसाया टॉलमन १९०९ साली वारला, त्याचं कात्रण वाचून तर तो एकटाच हसला. जोसायाच्या एका मेंढ्याला जिल्ह्याच्या प्रदर्शनात बक्षीस मिळालं होतं, त्यावर चार ओळी होत्या. बायको हॅनावर एक. पण शेवटी मागे राहिलेल्यांची यादी होती आणि यादी म्हणजे बदरुद्दीनचा प्रांत. चार मुलगे, दोन मुली. धाकटीचं नाव एडा, वय एकोणतीस.

बारा वर्षांनी हॅना वारली. तिच्या कात्रणात मागे राहिले चार मुलगे आणि एक मुलगी. एडा गळलेली.

बदरुद्दीनने डबा पुन्हा उलटा केला. एडाच्या मरणाचं कात्रण कुठेच नव्हतं.

"लहानपणीच गेली असेल," मिसेस कॉर्बेट म्हणाल्या. "आजोबांना एडा नावाची बहीण होती, एवढंच मी ऐकलंय. आमच्याकडे तिच्याबद्दल कुणी बोलत नसे."

"मॅडम, बाप गेला तेव्हा ती एकोणतीस वर्षांची होती. आणि ज्या घरात मेंढ्याची बातमी छापून येते त्या घरातली मुलगी गुपचूप मरत नाही. मेलेल्या माणसाचं नाव कात्रणाशिवाय गळत नसतं. गळतं ते जिवंत माणसाचं."

हे तो इतक्या ठामपणे बोलला की स्वतःच जरा दचकला. त्या दिवशी त्याने चहाबरोबरचा केक खाल्ला नाही.

आता खरी मजा पुढे आहे. मिसेस कॉर्बेटचे आजोबा विल्यम, म्हणजे एडाचा थोरला भाऊ, १९३४ साली वारले. त्यांच्या कात्रणात शेवटी सहा नावं होती: शवपेटी यांनी वाहिली. बदरुद्दीनने विचार केला, खांदा तर सगळं गावच देतं. रस्त्याने जाणारा परका माणूससुद्धा सवाबासाठी, पुण्य म्हणून, दहा पावलं खांदा देतो. त्याची नावं कोण छापतो? ज्या अर्थी मोजून सहाच नावं छापलीत, त्या अर्थी हे कबरीत उतरून मयत ठेवणारे लोक. आणि कबरीत उतरतं ते जवळचं रक्त. मुलांची नावं वर येऊन गेली होती, तेव्हा हे सहा भाचे किंवा पुतणे असणार. झालं. बदरुद्दीनने सहाही जणांना टॉलमन घराण्यात दाखल केलं, कुणाला कुठल्या बहिणीच्या पोटी घालायचं तेही ठरवलं आणि स्वच्छ टाइप केलेला तक्ता पुढच्या गुरुवारी मॅडमसमोर ठेवला.

मिसेस कॉर्बेटनी तक्ता वाचला आणि त्या हसत सुटल्या. डोळ्यांतून पाणी येईस्तोवर हसल्या.

"मिस्टर प्रॅट माझ्या आजोबांचा भाचा? अहो, तो बँकेचा मॅनेजर! आजोबांना तो डोळ्यांसमोर नको असायचा. आणि हा डॉसन लोहार. हे दोघे शेजारचे शेतकरी. हा चर्चचा खजिनदार. मी तेरा वर्षांची होते तेव्हा, सगळ्यांना ओळखत होते. आमच्याकडे पेटी कुणीही उचलतं, मिस्टर बदर. मान म्हणून बोलावतात."

बदरुद्दीनचे कान तापले. एका लोहाराला, एका बँकवाल्याला आणि चर्चच्या खजिनदाराला त्याने टॉलमनांच्या मुली आया म्हणून वाटून दिल्या होत्या. बाबांना कळलं असतं तर काठी घेऊन समुद्र ओलांडून आले असते. पण हार मानणं त्याच्या रक्तात नव्हतं. त्याने चष्मा पुसला.

"पाच झाले, मॅडम. सहावा?"

मिसेस कॉर्बेटनी पुन्हा कागद पाहिला. "सी. केली." त्यांचं हसू थांबलं. "केली हे आडनाव म्हणजे कॅथलिक. आमचं घराणं कट्टर मेथडिस्ट. त्या काळी एकमेकांच्या चर्चची पायरी चढत नसत. आजोबांच्या पेटीला केलीचा हात? हा कोण ते मला माहीत नाही."

"मला माहीत आहे," बदरुद्दीन म्हणाला. "पाच माझे चुकले. हा चुकलेला नाही. तो एडाचा मुलगा आहे. ती परक्या जमातीत गेली म्हणून तिचं नाव गळलं. पण भावाने तिचं दार सोडलं नव्हतं. तसं नसतं तर तिचा मुलगा कशाला आला असता?"

"तुम्हाला इतकी खात्री कशी?"

बदरुद्दीनने टाइपरायटरवर झाकण घातलं.

मिसेस कॉर्बेटनी त्या भागातल्या कॅथलिक पाद्रीबुवांना पत्र लिहिलं. इकडे हारूनचं दुसरं पत्र आलं: आईचं खाणं कमी झालंय, मान मात्र अजून दाराकडे वळते, भाईजान, तू काहीच लिहिलं नाहीस. तेही उशीखाली गेलं. गफूरने या खेपेला विचारलं नाही. नुसतं उशीकडे बघितलं आणि म्हणाला, "तुजी उशी उंच होत चाललीय."

तीन आठवड्यांनी, एका गुरुवारी, मिसेस कॉर्बेट व्हरांड्याच्या पायरीवरच उभ्या होत्या. हातात निळं हवाई पत्र. पाद्रीबुवांनी त्यांचं पत्र थेट एडाच्या हातात नेऊन दिलं होतं. एडा केली ब्याऐंशी वर्षांची होती आणि हयात होती. अक्षर थरथरलेलं, पण भाषा खणखणीत. बदरुद्दीन टाइपरायटरपाशी बसला आणि मिसेस कॉर्बेटनी ते उभ्या उभ्याच वाचून दाखवलं.

"पोरी, तुझा तो हिंदुस्थानी कारकून बरोबर सांगतो. सी. केली म्हणजे माझा चार्ली. विल्यम दर सुगीला पिठाचं पोतं टाकायच्या निमित्ताने यायचा आणि हे घरी कुणाला सांगायचा नाही. तो गेला तेव्हा चार्ली आपणहून पेटीपाशी जाऊन उभा राहिला. कुणी विचारलं नाही तू कोण. आईच्या वेळी मात्र तसं झालं नाही. आईला सोमवारी पुरलं. साप्ताहिक गुरुवारी आलं, त्यात मी वाचलं. आमच्यात चौदा मैलांचं अंतर होतं. ती दोन महिने अंथरुणावर होती, हेही मला छापील कागदाने सांगितलं. पाटीवर माझं नाव घालणार असशील तर घाल. पण मला त्याचं फार नाही. तेव्हा कुणी घोड्यावर बसून चौदा मैल आलं असतं, तर मला पाटी नको होती."

मिसेस कॉर्बेटनी मान वर केली तर बदरुद्दीन उठून उभा राहिला होता. त्याने टाइपरायटर उघडलाच नव्हता.

महाड ते खाडी फार तर दहा-बारा कोस. झुलेखाला आईचं कळेल ते कुठल्या तरी मासळीवालीकडून, बाजारात, टोपलीवर ओणवी असताना. तिच्या नवऱ्याची एस.टी. सरखोतांच्या गावच्या फाट्यावरून रोज जात होती. हे बदरुद्दीनला सात वर्षं माहीत होतं आणि सात वर्षं त्याने ते फाइलीत बंद करून ठेवलं होतं. त्याला स्वतःची लाज वाटली.

"मॅडम, आज मला रजा द्या. एक खबर द्यायची आहे."

अहमदीहून शहराची बस मिळाली ती उभ्याने. तारघरात खिडकीशी बसलेल्या गोवेकर बाबूने फॉर्म पुढे सरकवला. बदरुद्दीनने हारूनच्या नावे एका दमात लिहिलं, खाडाखोड नाही: झुलेखाला आजच्या आज महाडहून आण. आई हयात आहे तोवर. बाबांना सांग थोरल्याने सांगितलं. बाबूने शब्द मोजले आणि म्हणाला, शेवटचं वाक्य गाळलं तरी अर्थ कळेल. बदरुद्दीन म्हणाला, "तेच वाक्य जायला पाहिजे."

फाटकावरच्या पाटीवर पुढे एडाचं नाव आलं. मिसेस कॉर्बेटनी फोटो पाठवला, त्यात गव्हाच्या ताटांपुढे खुर्चीत बसलेली एक वाळकी म्हातारी कॅमेऱ्याकडे रागाने बघत होती. बदरुद्दीनने तो टेबलाच्या काचेखाली ठेवला आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला ऐकवलं: "हिला मी शोधली." लोहाराचं आणि बँकवाल्याचं मात्र त्याने कधी कुणाला सांगितलं नाही.

पण त्याच्या कितीतरी आधी, तार गेल्यावर महिन्याने, हारूनचं तिसरं पत्र आलं होतं. ते बदरुद्दीनने गफूरला मोठ्याने वाचून दाखवलं, निदान सुरुवात तरी. झुलेखा तार मिळाली त्याच संध्याकाळी आली होती. बाबा दोन दिवस मशिदीच्या ओसरीवर जाऊन बसले. तिसऱ्या दिवशी घरी आले आणि तिने वाढलेली भाकरी काही न बोलता खाल्ली. आईने मान वळवायची सोडली. पंधरा दिवस झुलेखाच्या हातून पेज प्याली आणि शुक्रवारी सकाळी गेली. झुलेखानेच गुस्ल दिला, शेवटची आंघोळ घातली.

पुढचं वाचायला बदरुद्दीनने पत्र गफूरच्या हातात दिलं आणि त्याने ते अडखळत पुरं केलं.

"बाबांनी मना काठी दिली आणि खबरीची दारं सांगितली. म्हणाले, लेकीचं दार पहिलं. मी विचारलं, झुलेखाच्या दारी जाऊ? बाबा म्हणाले, तिला रं कशाला खबर? ती घरातच हाय."