सूरच्या हॉटेलातलं वाळ्याचं पाणी

आधीच सांगून टाकतो — भूत, आत्मा, चकवा, करणी यातलं काहीही मी मानत नाही. आम्ही नागपूरची बौद्ध माणसं. घरी श्राद्ध नाही, पिंड नाही, कावळ्याची वाट बघत ताटकळणं नाही. त्यात माझी नोकरी मस्कतजवळच्या एका प्लांटमध्ये, जिथे समुद्राचं खारं पाणी पिण्याजोगं करतात. तिथल्या लॅबमध्ये मी पाणी तपासतो. या ग्रुपवर कोणी अनुभव टाकला की खाली "ॲसिडिटी झाली असेल" असं लिहिणारा तो खवचट माणूस मीच. तेव्हा आज माझी पाळी आहे, करून घ्या हौस.

माझी मुलगी संघमित्रा, घरात मित्रा, यंदा बारावी झाली आणि आर्किटेक्चर शिकायला मिलानला जायचं ठरलं. ॲडमिशन, व्हिसा, सगळं झालं. जायच्या आधी तिचा एकच हट्ट होता... बाबा, आपण दोघं एकदा मस्त हॉटेलात राहू. युरोपातल्या जुन्या, विचित्र हॉटेलांचे व्हिडिओ ती तासन्‌तास बघते. म्हटलं, युरोपात जाऊन बघच, पण आपल्या ओमानचं आधी बघ. म्हणून सूर.

सूर म्हणजे मस्कतहून समुद्राकाठाने खाली गेलं की लागणारं गाव. लाकडी जहाजं बांधणारं. तिथल्या एका जुन्या व्यापाऱ्याच्या हवेलीचं हॉटेल केलं आहे. व्यापाऱ्याचा नातू युरोपात बरीच वर्षं राहून आला आणि त्याच्या डोक्यातून ते निघालं. खोल्यांना नंबर नाहीत, बंदरांची नावं आहेत... बसरा, कोलंबो, मुंबई. आम्हाला झांजिबार मिळालं. दार इतकं बुटकं की आत जाताना प्रत्येकाला मान तुकवावीच लागते. पलंग इतका उंच की चढायला लाकडी पायरी. बाथटब म्हणजे अर्धी कापलेली होडी. टीव्ही नाही. नाश्ता तयार झाला की जहाजावरची घंटा वाजते. मित्रा तर वेडीच झाली, छताच्या तुळयांचे फोटो काढत फिरत होती. मी होडीत बसून अंघोळ करताना स्वतःलाच हसलो.

आणि खिडकीत तीन मडकी टांगलेली होती. ओमानमधल्या जुन्या घरांत अशी असत — लहान, निमुळत्या गळ्याची, दोरीने वाऱ्यात लटकवलेली, आतलं पाणी गार राहावं म्हणून. शेजारी कोनाड्यात एक तांब्याचा पेला.

आता मित्राच्या आईबद्दल सांगायला हवं. रजनी वर्ध्याची. लग्न होऊन मस्कतला आली तेव्हा आम्ही हमरियात राहायचो, खाली किराणा आणि शिंप्यांची दुकानं, वर आमची दोन खोल्यांची जागा. घरात फ्रीज होता, एसी होता, पण बाईला माठाशिवाय पाणी गोड लागेना. मग मत्राहच्या बाजारातून एक मातीचं मडकं आलं, आणि नागपूरहून दर वर्षी बॅगेत साडीत गुंडाळून वाळ्याची जुडी. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी — वाळा म्हणजे एका गवताची सुगंधी मुळं. आमच्या विदर्भात उन्हाळ्यात माठात टाकतात, कूलरला लावतात. त्या पाण्याला एक चव असते, ओल्या मातीची आणि मागून हिरवट, लाकडासारखी. एकदा मस्कत एअरपोर्टवर बॅग उघडून त्या मुळ्यांकडे बघत अधिकारी चक्रावला, तर हिने बिनधास्त जुडी त्याच्या नाकाशी धरली. त्याने वास घेतला, डोळे मिटले आणि हातानेच जा म्हणून सांगितलं.

मित्रा सहा वर्षांची असताना रजनी गेली. आजार लहान, पण घात मोठा करून गेला. पुढे आम्ही अल खुवैरला घर बदललं, त्या सामानाच्या हलवाहलवीत मडकं फुटलं, आणि वाळा आणायला नागपूरला कोणी आठवणीने जाणारं राहिलं नाही. मित्रा आईचं नाव काढत नसे. मीही काढत नसे. सहा वर्षांच्या लेकराला काय लक्षात राहणार, उगाच कशाला खपली काढा... पण ती जायचे दिवस जवळ आले तसा एकच प्रश्न मला खात होता — हिला आपली आई आठवते का? की ही आता दूर देशी जाईल, तिकडचीच होईल, आणि रजनीला ओळखणारा या घरात मी एकटाच उरेन? विचारायची हिंमत होत नव्हती. नाही म्हणाली असती तर मी काय केलं असतं?

सूरला पोचलो त्या दुपारी जेवून खोलीत आलो. ऑगस्टचा महिना, बाहेर सगळं गाव दारं लावून झोपलेलं. मी हातपाय धुवून बाहेर आलो तर मित्रा खिडकीपाशी पेला हातात धरून उभी. नुसती उभी.

"काय गं?"

"काही नाही. पाणी पिते," ती म्हणाली आणि पेला माझ्या हातात देऊन सरळ पलंगावर चढून भिंतीकडे तोंड करून झोपली.

मी मधलं मडकं तिरपं केलं. पेला भरला. एक घोट घेतला... आणि खाली बसलो.

वाळा.

काही चूक नाही, काही भास नाही. मी आयुष्यभर पाण्याची चव घेत आलो आहे. तेच पाणी. हमरियाच्या स्वयंपाकघरातलं. डोळ्यांत पाणी आलं, ते मी टॉवेलने पुसलं, उन्हाचं निमित्त करून.

पण बोललो नाही. मनात म्हटलं, पोरीला काही कळलेलं नाही, आपणच वेडे. हॉटेलवाल्यांनी काहीतरी टाकलं असेल. इकडे लोक पाण्यात लोबानाचा धूप भिजवून पितात, तो असेल. अर्थात धुपाची चव मला माहीत आहे आणि ती ही नव्हती, पण माणूस स्वतःची समजूत घालतोच.

मग पुढचे दोन दिवस आमची जी गंमत चालली होती ती बाहेरून कोणी बघितली असती तर हसून लोळला असता. मी बाहेर निघालो की "मोबाइल राहिला" म्हणून परत खोलीत, आणि गटागटा पाणी. मित्रा जहाजांचा कारखाना अर्धा बघून म्हणाली, "बाबा, खूप गरम होतंय, मी रूमवर जाते." मी पाच मिनिटांनी मागे गेलो तर पेला ओला. किल्ला बघायला गेलो तर दोघांचंही लक्ष परतायच्या वाटेकडे. एवढं पाणी मी जन्मात प्यायलो नसेन. आणि इतकं पिऊनही तहान भागेना. उलट वाढायचीच.

निघायच्या दिवशी मित्राने तिची शाळेची स्टीलची बाटली मडक्यातून भरून घेतली. तेव्हा मात्र माझ्यातला लॅबवाला जागा झाला. विचारून तर घेऊ. खाली सलीमभाई होते, पिकल्या दाढीचे, हॉटेलचा सगळा कारभार बघणारे. जुन्या ओमानी माणसांसारखी त्यांनाही कामापुरती हिंदी येत होती.

"सलीमभाई, वो पानी में कौनसी जड डालते हो?"

"कौनसा पानी?"

"रूम में. वो खिडकी का मटका."

त्यांनी माझ्याकडे असं बघितलं की मीच ओशाळलो. आमच्याबरोबर वर आले, बुटक्या दारातून वाकून आत शिरले आणि मधलं मडकं दोरीसकट खाली काढलं.

"सदीक, ये पानी के वास्ते नहीं है. ये सिर्फ देखने का," ते म्हणाले (सदीक म्हणजे अरबीत दोस्त) आणि मडकं उलटं केलं.

बुडाला भोक होतं. चांगलं अंगठा जाईल एवढं, ड्रिलने पाडलेलं. पाहुणे पाणी भरून ठेवायचे आणि डास व्हायचे, म्हणून मालकाने सगळ्या मडक्यांना भोकं पाडून घेतली होती, असं ते म्हणाले. आतून मूठभर धूळ खाली सांडली आणि गांधीलमाशीचं एक वाळकं घर. दुसरी दोन्ही काढली. तशीच. भोकातून पलीकडचा समुद्र दिसत होता.

मित्रा माझ्या दंडाला घट्ट धरून उभी होती. मी पेला उचलून बघितला. आत अजून थेंब होते.

सलीमभाईंनी ते थेंब बघितले, मित्राची बाटली बघितली, मग मला विचारलं, "पानी अच्छा था?"

"बहोत अच्छा था."

"तो खलास," ते म्हणाले आणि मडकी परत टांगायला लागले.

आम्ही परत मस्कतच्या वाटेला लागलो. उजवीकडे समुद्र, डावीकडे ते उघडेबोडके डोंगर. मित्राच्या मांडीवर बाटली. वळणावर आत पाणी डुचमळलेलं ऐकू येत होतं, म्हणजे पाणी होतंच! माझं डोकं एव्हाना पूर्ण लॅबमध्ये पोचलं होतं. क्षार बघू, सेंद्रिय पदार्थ बघू... वाळ्याचं तेल पाण्यात असेल तर मशीन सोडणार नाही. एका संध्याकाळचं काम.

"ती बाटली उद्या लॅबला नेतो," मी म्हणालो.

"किती पाणी लागतं टेस्टला?"

"सगळ्या टेस्ट करायच्या तर जवळपास सगळंच."

"मग नको."

"अगं, पण कळेल तरी..."

"नो! बाबा, प्लीज." तिने बाटली छातीशी धरली. मग हळू आवाजात म्हणाली, "तुला पण कळलं होतं ना? हे आईचा पाणी आहे."

मी इंडिकेटर न देताच गाडी कडेला घेतली. मागून एक ट्रकवाला मनसोक्त हॉर्न वाजवून गेला.

"तुला आठवतं?" मी विचारलं. एवढं विचारायला मला बारा वर्षं लागली.

"ऑफ कोर्स आठवतं."

"मग कधी बोलली का नाहीस?"

"तू सॅड होशील म्हणून," ती म्हणाली. "मला वाटायचं, बाबाला तो टॉपिक नकोय."

आणि मला वाटत होतं ती विसरली. एका छपराखाली राहून बापलेक एकमेकांना जपत बसलो होतो. मी हसायला गेलो आणि रडलो, अगदी हुंदके देऊन. ती घाबरली नाही. तिने एसी वाढवला आणि टिश्यूचा डबा माझ्या मांडीवर ठेवला.

मग ती सांगायला लागली. मी ड्युटीवर असलो की दुपारी रजनी माठातली वाळ्याची जुडी काढून गॅलरीत उन्हात सुकत घालायची. वाळत घातलेल्या चादरींच्या मागे दोघी मायलेकी सावलीत बसायच्या. जुडीतल्या दोन काड्या तोडायच्या, एक आईला, एक लेकीला, आणि चघळत बसायच्या. मला यातलं काहीही माहीत नव्हतं. जुडी दर वर्षी बारीक का होत जाते, असा मी एकदा प्रश्नही काढला होता, तेव्हा रजनी म्हणाली होती, "पाण्यात झिजते."

"आणि आई म्हणायची..." मित्रा थांबली. आता, माझ्या मुलीचं मराठी तुम्ही ऐकलेलं नाही. इंडियन स्कूलमधलं, अडखळत, दर दोन शब्दांना इंग्रजीचा टेकू घेणारं. वऱ्हाडी तर मी तिच्याशी कधी बोललोच नाही. पण त्या गाडीत ती न अडखळता, मान जराशी वाकडी करून, हसू दाबत म्हणाली —

"बाबाले सांगू नको बरं पोरी, ते मशिनीत टाकून पाह्यतीन."

शब्द रजनीचे, हेल रजनीचा, "पोरी" म्हणतानाचा तो लांबलेला सूरसुद्धा तिचाच. माझ्या अंगावर काटा आला तो तेव्हा, मडक्याच्या बुडाचं भोक बघून नव्हे.

बाटली उघडली. झाकणात ओतून एक घोट ती, एक घोट मी, असं तिथेच, भर दुपारी, रस्त्याच्या कडेला बसून प्यायलो. तीच चव. शेवटचा घोट ती मला देत होती, मी तिला, बरीच ओढाताण झाली. शेवटी तिने पाजला आणि मी प्यायलो.

आता तुम्ही विचाराल, थोडं तरी ठेवायचं होतं, तपासता आलं असतं. खरं आहे. मीही दुसऱ्या कोणाला हेच विचारलं असतं. भोक पडलेल्या मडक्यात पाणी कुठून आलं, बाटलीत दोन तास टिकलं कसं, वाळा आला कुठून, याचं उत्तर मला आजही देता येत नाही. दोघांना एकदम भास झाला म्हणाल तर पेल्यातले थेंब सलीमभाईंनीही बघितले होते. पुन्हा जाऊन बघण्याचं धाडस मी केलेलं नाही. तिथे आता कोरडी मडकी टांगलेली असली तर ते मला सोसणार नाही.

मित्रा आता मिलानला आहे. रविवारी तिचा फोन येतो. मी थंडी विचारतो, जेवणाचं विचारतो, कॉलेजचं विचारतो. रजनीबद्दल जे काही होतं ते सगळं मला माहीत आहे, असं मी बारा वर्षं धरून चाललो होतो. आता फोन ठेवायच्या आधी दर वेळी विचारतो, "अजून काही आठवतं का गं?"