चपलांपाशी बसणारा किसन

फौंड्रीतली वाळू कितीही झटका, घरी जेवायला बसलं की कानातून निघतेच. आमच्या बैठकीच्या गोष्टींचं तसंच आहे. एक सांगून झाली म्हणावं, तर दुसरी निघते! आता कुणी भेटलं की म्हणतं, "भीवानाना, ती संपाची गोष्ट सांगा की." मग मी सावकाश सगळ्याच सांगतो. मला कुठं शिफ्ट गाठायचीय!

दापोडीत रेल्वे लाइनीच्या कडेला आमची पत्र्याची चाळ होती. चाळीच्या टोकाला आम्हीच उभं केलेलं विहार, तेही पत्र्याचंच. आत हातभर उंचीची बुद्धमूर्ती. पहिल्या शिफ्टला निघण्याआधी आम्ही दहा-बारा जण तिथं पोत्यावर डोळे मिटून बसायचो. हे शिकवलं रामभाऊंनी. रामभाऊ हॅमर शॉपचे. घणाच्या आवाजानं कान गेलेले. कुण्या भिक्खूंकडून ते एवढंच शिकून आले होते. श्वास येतो, श्वास जातो, बघत बसायचं. मन पळालं तर त्याच्यावर रागवायचं नाही, परत आणायचं. आम्ही शाळेचं तोंड पाहिलेलं नव्हतं, पण एवढं काम जमेल असं वाटलं.

*

घड्याळ कुणाकडंच नव्हतं. म्हणून कंपनीचा भोंगा झाला की उठायचं, आणि शेजाऱ्यानं रामभाऊंच्या खांद्याला हात लावायचा, असा नियम.

एका गुरुवारी, म्हणजे आमच्या सुट्टीच्या दिवशी, रामभाऊ म्हणाले, "मनाला कुठं सुट्टी असती? बसू या."

बसलो ते बसलोच! पायाला मुंग्या आल्या, पत्रा तापला, पण भोंगा काही होईना. प्रत्येकाला वाटायचं, आज आपलंच मन इतकं उतावीळ का झालंय! शेवटी एकाच्या कारभारणीनं दारात हंडा आपटला. "अवो, कंपनी बंद हाय आज! भोंगा काय तुमचा बा वाजवनार?"

आम्ही पाय चोळत, हसत घरी गेलो. रामभाऊ दुपारी जेवायला आले नाहीत, तेव्हा आठवलं. त्यांच्या खांद्याला हात लावायचाच राहिला होता!

*

पुढं आम्ही कंपनीतही जेवणाच्या सुट्टीत गेटजवळच्या निंबाखाली बसायला लागलो. तेव्हा नवे साहेब आलेले. दिवस संपाचे होते, कुठल्या ना कुठल्या कंपनीच्या गेटवर रोज घोषणा चालू. साहेबांनी पाहिलं, तर त्यांचीच माणसं गेटपाशी गप्प बसलेली. आले धावत.

"मागण्या काय आहेत तुमच्या?"

कुणी बोलेना. भोंगा व्हायचा होता ना!

"हे बघा, कॅन्टीनच्या चहाचं मी वरती बोलतो. चहा सुधारेल. पण उठा!"

भोंगा झाला. मी रामभाऊंच्या खांद्याला हात लावला. त्यांनी डोळे उघडले, तर समोर साहेब हात जोडून उभे! रामभाऊंनीही हात जोडले. "या साहेब, तुमी बी बसा. पोतं देऊ का?"

पुढच्या आठवड्यापासून चहात दूध दिसायला लागलं. युनियनवाले आम्हाला विचारत होते, "तुमचा लीडर कोण, राव?"

*

किसन माझ्याच फौंड्रीतला. कामाला वाघ, पण दारूपुढं शेळी. त्याची बायको सरू मुलीला घेऊन देहूरोडला माहेरी निघून गेली. जाताना म्हणाली, "बाटली सुटली म्हणून सांगाया येऊ नगा. मी माझ्या डोळ्यांनी बघन, मग यीन."

तेव्हा किसन बैठकीला आला. आमची एक रीत होती. ज्याच्या हातून पंचशील मोडलं, म्हणजे जो दारू प्याला, कुणाबद्दल खोटं बोलला, त्यानं दुसऱ्या सकाळी आपणहून दारात चपलांपाशी बसायचं. का ते कुणी विचारायचं नाही. एक दिवस बसून झालं की परत पुढं आपल्या पोत्यावर. फक्त यायचं चुकवायचं नाही.

किसन सदा चपलांपाशीच! बसता बसता त्यानं आमच्या चपलांचे जोड लावून ठेवायला सुरुवात केली. कोपऱ्यावरचा पानवाला त्याला चिडवायचा, "काय किसनराव, बुद्धानं तुला वॉचमन ठेवलाय जनू?"

"व्हय," किसन म्हणायचा. "पर एक बी खाडा न्हाई माझा!"

*

एकदा त्यानं रामभाऊंच्या कानाशी ओरडून विचारलं, "कंपनीतनं सुटलं की पाय आपसूक गुत्त्याकडं वळत्यात. काय करू?"

"वळू दे. तू श्वास बघत चाल."

त्या संध्याकाळी किसन श्वास बघत निघाला. असा निघाला, की गुत्ता मागं पडला, चाळ मागं पडली, पूल ओलांडला, आणि एका टांग्यानं धक्का दिला तेव्हा बघतो तर खडकीचा बाजार!

रात्री परत आला. रामभाऊ म्हणाले, "लईच लांब गेलास की रं."

"पर प्यालो न्हाई!"

सबंध चाळीत त्या दिवशी सण असल्यासारखं वाटलं.

*

सरूचे वडील अधूनमधून देहूरोडहून यायचे. जावयाला दारातच मिठी मारायचे. माया म्हणून नव्हे, वास घ्यायला! एकदा ते सकाळीच विहारात आले. किसन चपलांपाशी. वास येत नव्हता. म्हातारा खूश झाला. पण किसन उठून म्हणाला, "मामा, काल प्यालो. आज हितं बसायचा दिस हाय माझा."

म्हातारा माघारी गेला. घरी जाऊन लेकीला त्या चपलांपाशी बसायच्या रीतीचं सांगितलं, आणि म्हणाला म्हणे, "पितोय. पर लबाड न्हाई."

*

मग पुष्कळ दिवस देहूरोडहून कुणीच आलं नाही. आणि एका सकाळी पहिल्या गाडीनं सरू आली. डोक्यावर ट्रंक, बोटाला मुलगी. सरळ विहाराच्या दारात.

मी डोळे किलकिले केले, खोटं कशाला सांगू! तिनं चपलांपाशी पाहिलं. जागा रिकामी. चपला इकडं तिकडं पडलेल्या.

"वाटलंच व्हतं मला," ती म्हणाली. "हितं बसायचं बी सोडलं शेवटी!" आणि माघारी वळली.

मुलीनं तिचा पदर ओढला. पुढं बोट दाखवलं. सगळ्यांच्या पुढं, मूर्तीसमोर, रामभाऊंच्या शेजारी किसन बसला होता. आवाज त्यानं ऐकला होता. पण भोंगा झाला नव्हता. तो वळला नाही.

सरूनं ट्रंक खाली ठेवली. एकेक चप्पल उचलून जोड लावले. मग तिथंच, चपलांपाशी, मांडी घालून डोळे मिटले.

भोंगा झाला. किसननं रामभाऊंच्या खांद्याला हात लावला, आणि मग वळला.

"सरू, तू पुढं ये. ती जागा..."

"ठावं हाय मला, कुनाची जागा हाय ती," सरू म्हणाली. "उद्या यीन पुढं. तुमी कामाला जावा."