गाडी चारोटीच्या अलीकडेच का बंद पडते

तलासरी नाक्यावर कुणाची जुनी टू-स्ट्रोक मोटरसायकल कण्हायला लागली की लोक ती ढकलत देवजीकडे आणतात. देवजी लांब स्क्रूड्रायव्हरचं टोक इंजिनाला टेकवतो, मूठ कानाला लावतो, डोळे मिटतो आणि मालकाचा जीव टांगणीला लागेपर्यंत काही बोलत नाही. मग म्हणतो, ‘रिंग गेली,’ नाहीतर ‘पॉइंट चिकटतोय.’ बऱ्याचदा ते खरं निघतं. नाही निघालं तर तो दुसरं काहीतरी सांगतो, पण ‘मला कळलं नाही’ असं यंदापर्यंत त्याच्या तोंडून कुणी कधी ऐकलेलं नव्हतं. आपल्या कानाचा त्याला भारी गर्व होता. तो कसा उतरला ते मात्र तो स्वतःच सांगतो, आणि चहा समोरच्याचा असेल तर जरा तिखटमीठ लावून.

ही विद्या त्याला दिली सदूकाकांनी. काका नरपडच्या वाडीवाल्यांपैकी. चिकूची झाडं भावांवर सोडून डहाणू रोडला गॅरेज टाकून बसलेले. देवजी पाड्यावरून त्यांच्याकडे कामाला आला तेव्हा त्याला पान्यावरचे आकडेही वाचता येत नव्हते. काकांनी त्याला आकडे शिकवले, शिव्या शिकवल्या आणि दुपारी आपल्या डब्यातलं अर्धं कालवण त्याच्या भाकरीवर ओतलं. देवजीचा बाप लवकर गेला होता. ती जागा काकांनी कधी न बोलता भरून काढली.

यंदा होळीनंतर काकांना लकवा मारला. उजवं अंग गेलं, आणि जीभ अशी जड झाली की बोललेलं घरच्यांनाही उमगेना. आनंदीबाईंनी, काकांच्या बायकोने, देवजीला फोन केला. “सारखं ‘दे, दे’ करतात रे. आधी वाटलं पाणी मागतात. मग वाटलं, तुलाच बोलवत असतील. येऊन जा एकदा.”

“येतो काकी, रविवारी येतो,” देवजी म्हणाला.

रविवारी तो नरपडला निघाला. गाडी त्याची स्वतःची, शंभर सीसीची, निळा धूर सोडणारी. ही गाडी नाक्यावरून बाजारात आणि बाजारातून पाड्यावर अशी हिंडायची तेव्हा कधी कुरकुरली नव्हती. पण हायवेला लागून, निम्म्या वाटेवर, चारोटी जवळ आली तशी तिने दोन आचके दिले आणि मान टाकली. देवजीने प्लग काढून पुसला, टाकीचं झाकण उघडून पेट्रोल बघितलं, झाकण लावलं, किक मारली. गाडी सुरू. प्लगचाच दोष, असं ठरवून त्याने गाडी वळवली आणि घरी येऊन नवा प्लग टाकला.

पुढच्या रविवारी तिथेच पुन्हा आचके. या वेळी कार्बोरेटर. त्यानंतर कॉइल. मग त्याने सायलेन्सर काढून आगीत घातला आणि आतली काजळी अशी जाळली की सगळा पाडा खोकला. गाडी नाक्यावर हरणासारखी पळायची आणि चारोटीच्या अलीकडे बैलासारखी बसायची. तिथे एक म्हातारा ताडगोळे विकायचा. तो आता देवजी दिसला की बसायला फळी पुढे करायचा.

“जागाच वाईट आहे,” देवजीने घरी येऊन सांगितलं. दुसऱ्या कुणी असं म्हटलं असतं तर देवजीने त्याला नाक्यावरून हाकललं असतं.

बायको, हिरी, भात वाढत होती. ती एवढंच म्हणाली, “या रविवारी मी पण येतं.”

ती मागे बसली. ठरल्या जागी गाडीने आचके दिले. देवजी उतरला, स्क्रूड्रायव्हर काढला, बंद इंजिनाला लावून कान दिला. बंद इंजिन काय बोलणार? पण बायको बघत होती. मग प्लग पुसला, टाकीचं झाकण उघडून आत डोकावला, झाकण लावलं, किक मारली. गाडी सुरू झाली. देवजीने हँडल तलासरीकडे फिरवलं.

“मागं कशाला?” हिरीने विचारलं.

“बंद पडली ना.”

“पडली. मंग चालू झाली. दर वेळी चालू होते?”

“होते.”

“चालू झाली का पुढं जायचं का मागं?”

देवजीने गाडी थांबवली. बाजूने ट्रक जात होते, म्हातारा फळी धरून उभा होता. पुन्हा बंद पडली असती तर त्याने पुन्हा सुरू केली असती. जन्मभर तोच तर धंदा केला. नरपडला पोचण्यापासून त्याला कुणी अडवलं नव्हतं.

“काका बोलतील आन् मला नाय समजलं तर?” तो शेवटी म्हणाला. “कानवाला देवजी म्हणतात मला. त्यांचं मलाच नाय समजलं तर त्यांना काय वाटंल?”

“नाय गेलास तर काय वाटंल?” हिरी म्हणाली आणि सीटवर नीट सरकून बसली.

डहाणू ओलांडून ते नरपडला आले. वाडीचं फाटक दिसलं आणि गाडीने पुन्हा आचके द्यायला सुरुवात केली. थेट अंगणात येऊन, ओसरीवरच्या खाटेसमोर, तिने मान टाकली. मेकॅनिकच्या गुरूच्या दारात याहून चांगली वर्दी ती काय देणार!

काका उशांना टेकून बसले होते. निम्मे झाले होते. देवजीला रडू कोसळेलसं वाटलं, पण काकांचं लक्ष त्याच्याकडे नव्हतंच. ते गाडीकडे बघत होते. डाव्या हाताने त्यांनी त्याला जवळ बोलावलं आणि म्हणाले, “फा... फा... ह्वा.”

देवजीने कान पुढे केला. ज्याची भीती होती तेच झालं, काही म्हणजे काही कळलं नाही. तो मान हलवून म्हणाला, “हो काका, हो.”

काका भडकले. त्यांनी डाव्या हाताने देवजीचं नाक चिमटीत धरलं आणि घट्ट दाबलं. देवजी तोंडाने श्वास घ्यायला लागला. काकांनी डोळे वटारले. ती नजर त्याच्या ओळखीची होती, त्याने झटकन तोंड मिटलं. पन्नाशीला आलेला माणूस, नाक गुरूच्या चिमटीत, गाल फुगलेले, चेहरा जांभळा. आनंदीबाई “अहो सोडा, मरेल तो!” म्हणत आल्या. हिरी पदर तोंडात कोंबून हसत होती. काकांनी चिमटी सोडली. देवजीचा श्वास फुस्सकन सुटला.

आणि तो ताडकन उठला. हा आवाज त्याने ऐकला होता. चारोटीला, दर वेळी, टाकीचं झाकण उघडताना. ट्रकांच्या घरघरीत त्याला वाटायचं, आपणच सुस्कारा टाकला.

त्याने झाकण काढून उलटं केलं. आत प्लास्टिकचा तुकडा नीट कापून बसवलेला. गेल्या पावसाळ्यात टाकीत पाणी जाऊ नये म्हणून त्यानेच, फार हुशारीने, बसवला होता. काकांचं ‘ह्वा’ म्हणजे हवा. झाकणाचं हवेचं भोकच त्याने बंद केलं होतं. पेट्रोल खाली जायचं, वरून हवा आत यायची नाही, लांब गेलं की टाकीचा जीव कोंडायचा आणि झाकण उघडलं की सुटायचा. काखेत कळसा आणि गावाला वळसा. पण वळसा तरी पुरा कुठे घातला होता? चारोटीहूनच परत!

“गाढव आहे मी,” तो काकांना म्हणाला. काकांच्या तोंडाची शाबूत बाजू हसली. कान सोनारानेच टोचावे लागतात ते असे.

मग काका बोलायला लागले. बहुधा महिनाभराचं साठलं होतं. अर्ध्या शब्दांत, धापा टाकत, डावा हात हलवत ते कितीतरी वेळ बोलले आणि देवजीकडे बघत थांबले. आनंदीबाईही बघत होत्या. त्यांना यातलं काही उमगलं नव्हतं, हा सांगेल अशी त्यांना आशा होती. देवजीची मान सवयीने हलायला लागली होती. ती त्याने थांबवली. खाटेच्या कडेला टेकला, काकांचा हात हातात घेतला.

“काका, मला कळलं नाय,” तो म्हणाला. “परत बोला.”

काकांनी थोडा दम घेतला आणि पहिल्यापासून परत सुरू केलं.