मामाचा फासा कोण वाचणार?

मला एक सांगा मंडळी, समोरच्याने फासे टाकले, स्वतःच वाचले आणि तुमचे चार शिपाई मेले म्हणून जाहीर केलं, तर विश्वास कुणावर ठेवायचा? फाशांवर, माणसावर, की नशिबावर?

दादरला माझं लेस-बटणांचं दुकान. काचबिंदूने डोळे गेले, त्याला आता बरीच वर्षं झाली. बटणं बोटांना पाठ आहेत, त्यामुळे दुकान अडलं नाही. अडले ते रविवार. त्या दिवशी मुलगा गल्ल्यावर बसतो आणि मी घरी पंख्याचा आवाज ऐकतो. मग भाची केतकी मला नायगावला घेऊन गेली. तिथे एका मंडळाच्या खोलीत तिच्यासारखी नोकरी करणारी पोरं बोटभर उंचीची सैन्यं टेबलावर मांडतात, टेपने मोजून शिपाई पुढे सरकवतात, फासे टाकतात आणि एकमेकांची कत्तल करतात. मग वडापाव खाऊन घरी!

म्हटलं, आपणही लढू. केतकी मामा म्हणते म्हणून तिथे मी सगळ्यांचाच मामा झालो. तेव्हापासूनचे किस्से जोडी हरवलेल्या बटणांसारखे साठलेत. खपत नाहीत आणि टाकवतही नाहीत.

* * *

पहिल्या दिवशी मी टेबल चाचपायला घेतलं. समोर रोहन म्हणून एक गोड स्वभावाचा मुलगा होता.

"ही भिंत."

"बरोबर, मामा!"

"हे जंगल."

"एकदम करेक्ट!"

"आणि हा बुरूज. पण हा गरम कसा काय?"

"मामा, तो माझा चहा आहे."

मी दचकून हात मागे घेतला, तर कोपराने काहीतरी धडाधड खाली पडलं. रोहन बारीक आवाजात म्हणाला, "मामा, ते माझं घोडदळ होतं. अख्खा पावसाळा लागला होता रंगवायला."

केतकी म्हणाली, "भूकंप झाला असं समज ना रे! पुढे चल."

* * *

या खेळात एक नियम आहे. आपल्या शिपायाला शत्रू दिसत असेल तरच गोळी झाडता येते. मध्ये भिंत आली की नाही.

रोहनने विचारलं, "मामा, तुम्हाला दिसतोय का तो?"

मग "आई गं!" असा रोहनचाच आवाज. केतकीने चिमटा काढला असणार.

"म्हणजे तुम्हाला नाही हो! तुमच्या शिपायाला!"

"अरे, त्याला दिसतंय की नाही ते मला कसं दिसणार?"

यावर पंधरा मिनिटं चर्चा झाली. एक म्हणाला, मामांच्या सैन्याला सगळंच दिसतं असं धरू. दुसरा म्हणाला, ही चीटिंग आहे. तिसऱ्याने सुचवलं की सैन्यही आंधळंच धरा. पुढच्या रविवारी मी दुकानातून शिलाईच्या दोऱ्याचं रीळ घेऊन गेलो. एक टोक माझ्या शिपायाच्या नाकाशी, दुसरं शत्रूच्या. दोरा ताणायचा आणि बोट फिरवायचं. भिंतीला अडला, तर दिसत नाही. मिटलं!

आता डोळस पोरंही भांडण झालं की ओरडतात, "मामा, दोरा द्या!"

पहिलं रीळ फुकट दिलं. पुढचं दुकानात येऊन घ्या म्हटलं.

* * *

माझा फोन आलेले मेसेज मोठ्याने वाचून दाखवतो. सोय चांगली आहे, पण त्याला जागावेळ कळत नाही. एकदा काउंटरवर एक हवालदार युनिफॉर्मची बटणं बघत उभे होते. नेमका तेव्हा केतकीचा मेसेज आला आणि फोन त्या यंत्राच्या कोरड्या आवाजात सुरू झाला:

"मामा, उद्या पूल उडवायचाच. माणसं माझ्याकडे आहेत. तोफ तुम्ही आणा. नायगाव. मामीला सांगू नका."

बटणं चाळण्याचा आवाज थांबला.

"खेळ आहे हो साहेब," मी म्हटलं. "प्लास्टिकची माणसं आहेत. तोफ एवढीशी."

"खेळ ठीक आहे," हवालदार म्हणाले, "पण मामीला का नाही सांगायचं?"

आता त्यांना काय सांगणार, की तोफ ठेवायला मी हिचा मंगळसूत्राचा डबा पळवला होता!

* * *

शिपाई बिनरंगाचे येतात. बाकीचे हौसेने रंगवतात. माझं सैन्य राक्षसांचं, ते मी कुणाकडून रंगवून घेणार? लालबागला माझा शाळेतला दोस्त विलास गणपती रंगवतो. त्याला म्हटलं, "माझे राक्षस रंगव. भयंकर दिसले पाहिजेत." तो म्हणाला, "डोळ्यांची आखणी मी स्वतः करतो, तू निश्चिंत रहा."

डबा नायगावला उघडला.

"काय रे? घाबरलात ना?"

रोहन म्हणाला, "मामा, पीतांबर नेसलेत सगळे. आणि डोळे असे आहेत की... कुऱ्हाड उगारलीय, पण आशीर्वाद देतायत असं वाटतंय."

त्या दिवशी त्याने माझ्या सेनापतीला मारायच्या आधी दोनदा विचार केला. आणि मारल्यावर, केतकीची शपथ, हात जोडले!

* * *

तर आता फाशांबद्दल. मी उठावाच्या ठिपक्यांचे फासे मागवले आहेत, घरंगळू नयेत म्हणून स्टीलच्या परातीत टाकतो. पण एका हल्ल्याला मूठभर फासे लागतात. एकेक चाचपत बसलो तर लढाई दिवाळीपर्यंत चालेल. शिवाय बोट जरा जोरात लागलं, की सहाचा दोन होतो. म्हणून समोरचा वाचायचा आणि मी मान डोलवायचो.

आणि मी जिंकू लागलो! दर रविवारी. रोहनला हरवलं, केतकीला हरवलं, कॉलेजपासून खेळणाऱ्यांना हरवलं. घरी येऊन हिला फुशारक्या मारल्या. मग एके रात्री अंथरुणावर पडल्या पडल्या शंका आली. धंद्यात घासाघीस न होता सगळा माल उठायला लागला, की समजावं, भाव चुकलाय.

पुढच्या खेपेला मी एकच फासा टाकला आणि वाचायच्या आधी हलकेच बोट फिरवलं. दोन ठिपके. मग भोळेपणाने विचारलं, "रोहन, किती रे?"

"पाच, मामा! काय नशीब आहे तुमचं!"

पोरांनी मामाला मामा बनवला होता! तेही प्रेमाने. आता रागवायचं कुणावर? फसवणाऱ्यावर रागावता येतं, पण हा तर स्वतः हरून मला फसवत होता.

केतकीला जिन्यात गाठलं. "मला खरं हरायचंय."

"मामा, आम्हाला वाटलं तुम्हाला मजा येतेय."

"येत होती गं. तीच तर बोंब आहे. आता मला कळेना, मी खेळतोय की तुम्ही मला खेळवताय."

त्यानंतरच्या रविवारपासून मी हरू लागलो. पण आता हे खरंच हरतोय की मला हवं म्हणून हरवतायत, तेही कळेना! आणखीच पंचाईत.

* * *

अशात सावंत आला. केतकीच्या मैत्रिणीचे वडील, कॉटन ग्रीनच्या गोदामात नोकरी करून निवृत्त झालेला, माझ्याच वयाचा मालवणी माणूस. बडबड्या आणि भांडकुदळ. म्हटलं, हा दयाबिया करणाऱ्यातला नाही. ह्याच्याशी खेळू.

पहिल्याच हल्ल्यात माझा फासा वाचायला तो परातीवर वाकला आणि म्हणाला, "एक! गेलो तुझो सेनापती!"

मी हळूच बोट फिरवलं. सहा!

काय सांगू मंडळी, मन भरून आलं! घरी आल्या आल्या हिला म्हटलं, "अगं, आज मला एकाने चक्क लुबाडलं!"

"मग काय, पेढे वाटू?" ती म्हणाली.

पुढच्या रविवारी मात्र घोटाळा झाला. फासा चाचपला तर दोन. सावंत म्हणाला, "पाच! तुझा बरा आसा रे!" मग त्याचा स्वतःचा फासा. बोटाला सहा लागले आणि तो कळवळून म्हणाला, "तीन! मेलंय!" मी चक्रावलो. गिऱ्हाईक फसवणारे बघितलेत, भागीदार फसवणारे बघितलेत. पण स्वतःलाही गंडवणारा हा पहिलाच. मी गप्प बसलो. म्हटलं, ह्याचा काहीतरी मोठा डाव आहे.

डाव रंगात आला तेव्हा केतकीने चहा आणि शंकरपाळ्यांची बशी टेबलाच्या कडेला ठेवली. सावंत चावत चावत म्हणाला, "हो शंकरपाळो लय कडक आसा गो!"

केतकी किंचाळली, "काका! तो मामांचा घोडेस्वार आहे!"

खोलीत कुणाला हसू आवरेना. सावंताने घोडेस्वार तोंडातून काढला, पुसला आणि हळू आवाजात म्हणाला, "मोतीबिंदू आसा. दोनूय डोळ्यांक. ऑपरेशन पुढे ढकलतंय. माझ्या पोरीक सांगू नको."

"अरे, मग दोन रविवार फासे कसे वाचत होतास?"

"अंदाजान! माका वाटला, चुकला तर तू सांगतलस. तू आपलो दर वेळी बोट लावून बघी होतस."

"सावंत, मला दिसत नाही."

"काय सांगतंस काय!" तो म्हणाला. मग, "पण मगे आतापर्यंत जिंकला कोण?"

सावंताने खुर्ची पुढे ओढली. "ता काय नाय. पयल्यापासून मांड!"

तर येत्या रविवारी पयल्यापासून आहे. तुमच्यापैकी ज्याला वेळ असेल त्याने नायगावला यावं आणि आमच्या दोघांच्या मध्ये बसावं. वडापाव माझ्याकडून. फक्त माझी बाजू घेऊ नका, त्याचीही नको. किती मेले आणि किती उरले, तेवढा हिशोब सचोटीने ठेवा.