उतारावर फडफडणारं हँडल

मी सांगितलेल्या भावाला समोरचा माणूस लगेच तयार झाला, तर मी ती वस्तू पुन्हा उलटीपालटी करून बघतो. मोटरसायकलच्या वेळी मात्र मला ते सुचलं नाही, कारण विकणारे भावोजी होते, माझ्या धाकट्या बहिणीचा नवरा. मुंबईची नोकरी सुटल्यावर ते गाडी घेऊन गावी आले होते. मी तासभर भांडायच्या तयारीने गेलो, आणि चहा निवायच्या आत ते म्हणाले, "न्या तर मग." घरी येईपर्यंत माझ्या डोक्यात किडा वळवळायला लागला होता. इतक्या लवकर का उतरले?

बुरोंडीहून सुकी मासळी उचलायची आणि खेडला विकायची, हा माझा धंदा. तोवर पोती एसटीच्या टपावर टाकत असे आणि वासापायी कंडक्टरच्या शिव्या खात असे. गाडी आल्यावर पोती मागे बांधू लागलो. दोन महिने बरे गेले. मग दापोलीहून खेडकडे उतरताना, काटा चाळिसाच्या आसपास आला की हँडल डावी-उजवीकडे फडफडायला लागलं. एका सकाळी ते मला आवरेना. गाडी जांभ्याच्या दरडीला घासून थांबली, एक पोतं फुटलं आणि सुकट रस्ताभर झाली. ती गोळा करता करताच मला उत्तर सापडलं. गाडी ठोकलेली होती. वरून रंग देऊन माझ्या गळ्यात मारली होती.

तसाच बहिणीच्या अंगणात गेलो. "गाडी परत घ्या," मी ओरडलो. "नाहीतर यंदा भाऊबीजेला माझ्या दारात कुणी येऊ नका."

बहीण ओटीवर सूप घेऊन बसली होती. ती उठून आत गेली. भावोजी म्हणाले, "ठोकलेली निघाली तर परत घेतो. मेस्त्री तुमच्या पसंतीचा."

खेडला भावोजींच्या ओळखीचा एक मेस्त्री होता, तो मी टाळला. दुसरा शोधला, भावोजींना घेऊन गेलो आणि त्याच्या डोक्यावर उभा राहिलो. त्याने टायरची हवा बघितली. चाक फिरवून रिमजवळ खिळा धरला. रिम कुठे वाकडी नव्हती. पुढचं चाक धरणाऱ्या चिमट्याचे दोन्ही पाय खालून धरून हलवले, मग लांब जाऊन एक डोळा मिटून बघितलं.

"चिमटा सरळ आहे, शेट."

"नीट बघ. यांनी तुला आधी गाठलं नाही ना?"

भावोजी हसले. "मेव्हणे, तुमच्या मेस्त्रीला मी आज पहिल्यांदा बघतोय."

मेस्त्रीने इंजिनखाली खोकं सरकवून पुढचं चाक अधांतरी केलं आणि हँडलला एका बोटाने ढकललं. एरवी ते आपल्या वजनाने एका बाजूला पडायला हवं. ते मधेच अडकून राहिलं, जसं कुणी धरून ठेवलंय.

"हा वरचा नट कुणी आवळला? छिन्नीचे घाव आहेत."

गाडी घेतली त्याच आठवड्यात ब्रेक मारताना पुढून बारीक 'टक' ऐकू आलं होतं. लपवलेला दोष सापडला या आनंदात मी तो नट छिन्नी-हातोडीने आवळला होता. मग दर रविवारी थोडा थोडा.

"मीच," मी म्हणालो. "पण तो टक आवाज यांच्याच वेळचा!"

"तो नट पाव फेरा आवळला की जाणारा दोष होता, शेट. तुम्ही तिचा गळा दाबलात." त्याने हँडलखालच्या बेअरिंगच्या वाट्या काढून माझ्या तळहातावर ठेवल्या. छर्‍यांनी आत खड्डे पाडले होते. हँडल त्या खड्ड्यांत बसायचं, तिथून उसळायचं, पुन्हा बसायचं. मागच्या पोत्यांनी पुढचं चाक हलकं केलं की जास्तच. मी वाट्या उन्हात धरून बघितल्या, नख घालून बघितलं. खड्डे खरे होते.

नव्या वाट्या बसल्यावर मी गाडी चाळिसापर्यंत नेली, पन्नासपर्यंत नेली. हँडल स्थिर. परत आलो तेव्हा माफी मागायला हवी होती. मी विचारलं, "मग भाव एवढ्या लवकर का सोडलात?"

"ते तुमच्या बहिणीला विचारा," भावोजी म्हणाले आणि एसटी पकडायला निघून गेले.

भाऊबीजेच्या सकाळी मीच तिला आणायला गेलो. पोत्यांच्या जागी ती बसली. उतार लागला, गाडी सरळ राहिली, तेव्हा मी मान न वळवता विचारलं.

"मीच त्यांना आदल्या दिवशी सांगितलं होतं, दादा मागेल त्या भावात द्या म्हणून. भेट म्हणून दिली असती तर घेतली असतीस?"

मी गिअर बदलला. घर येईपर्यंत, आधीच कबूल झालेल्या भावासाठी त्या दिवशी मी किती मुद्दे खर्च केले होते, ते एकेक आठवत होते.