आरशातला कोपरा

लेकीने परीक्षेसाठी आरसाभर चिठ्ठ्या चिकटवल्या आहेत, हाडांच्या नावांच्या. "येता-जाता दिसलं की आपोआप पाठ होतं," म्हणते. आज उरलेल्या कोपऱ्यात मान वाकडी करून वेणी घातली, आणि बाबा आठवले.

बारावीत मीही आरसा असाच रसायनशास्त्राच्या सूत्रांनी भरला होता. बाबा तळहाताएवढ्या जागेत बघून दाढी करायचे. एकदा साबणाचं बोट एका चिठ्ठीकडे करून त्यांनी विचारलं, "हे काय गं?"

"मध्ये बोलू नका ना, विसरते मी!"

पुन्हा त्यांनी कधी विचारलं नाही.

त्यातलं एकही सूत्र आज मला आठवत नाही. परीक्षा संपल्यावर मी चिठ्ठ्या खरवडून आरसा लख्ख पुसला होता. तरी बाबा कितीतरी दिवस त्याच कोपऱ्यात वाकून दाढी करत राहिले.