कोल्हारची पिल्लं आणि गेलेली लाईट

ज्यानं कोंबडीची पिल्लं पाळली नाहीत त्याच्याकडं सांगण्यासारखं काही नसतं, आणि ज्यानं पाळली त्याला थांबवता येत नाही! आम्ही कोल्हारचे चौघं कुठंही भेटलो की हेच. कोंबड्या कधीच संपल्या, किस्से मात्र साठत गेले.

बहात्तरचा दुष्काळ. प्रवरेत वाळू, विहिरीत दगड. भागवतचं रान पडून. सायमन सुतार, पण त्याच्याकडून कुणी साधा पाटसुद्धा करून घेईना. वसंता लाईटच्या ऑफिसात वायरमन आणि मी शाळामास्तर. आमचे पगार चालू, पण घरात खाणारी तोंडं वाढलेली. कुणीतरी म्हणालं, "कोंबडीला हीर लागत न्हाई!" झालं. चौघांनी एक दिवसाची पिल्लं आणली.

विहीर लागत नाही, पण लाईट लागते, हे पिल्लं घरात आल्यावर कळलं. त्यांना आई नाही. म्हणून पत्र्याची मोठी छत्री दोरीनं टांगायची आणि तिच्यात बल्ब लावायचे. पिल्लं खाली गर्दी करून ओरडली तर थंडी, छत्री खाली घ्यायची. कडेला पळून चोची वासल्या तर उकाडा, वर घ्यायची. सारखी पसरून झोपली की समजायचं, ऊब बरोबर.

*

भागवतला या वर-खालीचा कंटाळा. त्यानं मिळतील तेवढे शंभरचे बल्ब छत्रीत कोंबले आणि शेतावर निघून गेला. दुपारी फ्यूज उडाला. आमच्या आळीची लाईट गेली.

वसंता शिडी घेऊन आला आणि शेतावरून परतलेल्या भागवतच्या घरात डोकावला. "भागवत, हे घर हाय का टुरिंग टॉकीज?"

"पिल्लांस्नी थंडी वाजती, लेका."

"थंडी? आरं, निम्मी भाजल्यात!"

भागवतची बायको इंदू पुढं झाली. मेलेली पिल्लं पदरात गोळा करून बाहेर घेऊन गेली. त्या दिवसापासून छत्रीची दोरी तिनं नवऱ्याच्या हातात दिली नाही.

*

सायमनचा जीव मीटरमध्ये. पिल्लांचे बल्ब लागले की मीटरची चकती गरगर फिरायची आणि हा तिच्यासमोर हात जोडून उभा. शेवटी त्यानं घरातले बाकीचे सगळे दिवे काढून ठेवले. बायको रूथ छत्रीशेजारी भाकरी थापायची, पोरं तिथंच पाटी घेऊन बसायची. थंडी पडली, छत्री खाली आली, की अक्षर दिसणं बंद!

एकदा मी दारातून विचारलं, "वहिनी, अंधारात का बसलाय?"

"गुरुजी, घर कोंबड्यांचं हाय," ती म्हणाली. "आमी भाडेकरू!"

*

पौषात लाईट जायला लागली. धरणात पाणी नाही, तर वीज कुठून येणार? पहिल्या सकाळी आम्ही तिघं तरातरा वसंताच्या घरी. त्याला दोन शब्द ऐकवायचेच, असं ठरवून.

वसंता उंबऱ्यावर गुडघे पोटाशी घेऊन बसला होता. शर्टाची सगळी बटणं लावलेली, पोट फुगलेलं आणि पोटातून चिवचिव चाललेली.

"तुमी माझ्याकडं येता," तो म्हणाला. "मी कुनाकडं जाऊ?"

कुणी हसलं नाही. आल्या पावली परत फिरलो.

*

माझ्या पिल्लांचं विचारू नका. ती किस्सा होण्याइतकीसुद्धा जगली नाहीत.

*

सायमननं मग बल्बचा नादच सोडला. छत्रीखाली कोळशाची शेगडी ठेवली आणि ऊब जाऊ नये म्हणून दार-खिडकी गच्च लावून घेतली. घरची माणसं ओसरीवर निजली. सकाळी दार उघडून त्यानं मला हाकच मारली. "गुरुजी, या, बघा! कशी सारखी पसरल्यात!"

मी गेलो. आत धूर कोंडलेला. पिल्लं खरंच सारखी पसरलेली होती. एकही हलत नव्हतं.

सायमन छत्रीची दोरी धरून उभा होता. मला म्हणाला, "आता वर घिऊ का खाली?"

*

भागवत दुष्काळी कामावर खडी फोडायला गेला, मुक्काम तिकडंच. मागं इंदू आणि तिनं जगवलेली थोडी पिल्लं. आमच्या चौघांत तेवढीच उरली होती.

एका गारठ्याच्या सकाळी मी श्रीरामपूरच्या यष्टीत बसलो होतो. लाईट आदल्या संध्याकाळपासून गेलेली. इंदू डोक्यावर पाटी घेऊन चढली, ती थेट पुढं. तेव्हा यष्टीचं इंजिन आतच, ड्रायव्हरच्या शेजारी असायचं. वरचं झाकण असं तापायचं की पाय टेकवत नसे. इंदूनं त्या झाकणावर गोणपाटाची घडी टाकली आणि वर पाटी ठेवली.

"ओ बाई, हे काय?" ड्रायव्हर ओरडला.

"तुमच्या इंजनाची ऊब वायाच जाती न्हवं?"

त्यानं पाटीवरचं धडुतं उचलून पाहिलं, पुन्हा नीट झाकलं आणि गाडी सुरू केली.

बेलापूरच्या अलीकडं पाटीतली चिवचिव थांबली. अख्खी यष्टी माना उंचावून बघायला लागली. इंदूनं धडुत्याखाली हात घातला. चाचपून पाहिलं आणि म्हणाली, "निजल्यात. हलत्यात हाताला."

कंडक्टर तिकिटांची पेटी घेऊन तिच्यापाशी आला. "बाई, कुठलं देऊ?"

इंदू खिडकीतून मागं पळणारे विजेचे खांब बघत होती.

"लाईट आली आसंल, त्या गावचं द्या!"